सातव्या दिवसाचं कालवण

माशांच्या पेटीच्या तळाशी बर्फात शेपटाचा एक तुकडा चिकटून राहिला होता. ओझेनीराने तो उपटून उजेडात धरला. करडी कातडी, त्यावर काळे ठिपके, आणि खवला एकही नाही.

पिराकाटिंगा.

बाहेर फळ्यांच्या ओसरीवर सगळी वस्ती तिच्या हातचं कालवण ओरपत होती. नारळाच्या दुधातलं, कोथिंबीर घातलेलं, वर कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा. तिची खानावळ नदीवर ओंडक्यांवर तरंगत असे, आणि तिथे बसलेल्या कुणालाही या माशाची ओळख करून द्यावी लागली नसती. माणूस बुडाला की शोधायला निघालेल्या होड्यांच्या आधी हेच मासे पोचतात आणि प्रेताचे लचके तोडतात. जाळ्यात आला तर कोळी शिवी हासडून परत फेकतो, कुत्र्यालासुद्धा घालत नाही. आणि आजचं जेवण होतं एदिवानच्या सातव्या दिवसाचं. आठवड्यापूर्वी वादळात त्याची होडी उलटली. होडी सापडली, टोपी सापडली, तो काही सापडला नाही.

"जेनिल्सन! आत ये आधी!"

जावई तोंड पुसतच आला. तो धक्क्यावरच्या बर्फाच्या वखारीत कामाला होता, आणि आजचा मासा त्यानेच आणून दिला होता. "काय झालं सासूबाई? मीठ कमी पडलं का?"

तिने तुकडा त्याच्या नाकासमोर धरला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"हा चुकून राहिला वाटतं... अहो, शहरात जातो हा. तिथे 'सोनेरी' म्हणून विकतात. बायका पोरांना भरवतात!"

"शहरातल्यांना काय डोंबल कळतंय! तू मेल्या कळूनसवरून मला आणून दिलास?"

"फुकटात मिळाला म्हणून आणला. कातडी काढली की सगळे मासे सारखेच. तुम्हाला तरी कुठे कळलं?"

हे मात्र तिला मिरचीसारखं झोंबलं. डोळे बांधा, नुसता हात लावून मासा सांगते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. आज ते पांढरेशुभ्र, बिनकाट्यांचे काप बघून ती हरखून गेली होती. एदिवानच्या नावाचं जेवण जरा थाटाचं होऊ दे, असं तिला वाटलं होतं. त्या थाटापायीच तिने कातडी कुठे आहे हे विचारलं नव्हतं.

"आपल्या नदीतला नाही तो," जेनिल्सन कुजबुजला. "पार वरच्या तळ्यांतला आहे."

"मासा काय वेशीवर थांबतो?"

"मग आता गप्प बसा. एदिवानच्या बायकोचं जेवून झालंय. सांगून काय मिळवणार? बिचारी जन्मभर ओकत बसेल. आणि तुमच्या खानावळीची पायरी पुन्हा कुणी चढणार नाही."

तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. जमिनीच्या दोन फळ्यांमध्ये चार बोटांची फट होती, खाली नदीचं पाणी. मूठ उघडली असती तर संपलं असतं. ओझेनीरा वाकली. तिला स्वतःची किळस आली, आणि तरीही ती वाकलीच.

"ताई."

दारात मार्लूसिया उभी होती. एदिवानची बायको, हातात पुसून काढल्यासारखी रिकामी ताटली. "आज पहिल्यांदा घास खाली उतरला बघा. उरलं असेल तर थोडं घरी नेऊ? त्यांना असं नारळातलं फार आवडायचं."

पातेलं पुढे सरकवणं किती सोपं होतं! पण या बाईच्या लग्नात तिनेच रांधलं होतं. ती सरळ झाली आणि तिने मूठ उघडली.

मार्लूसियाने तुकड्याकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. मग हातातल्या ताटलीकडे. तीही नदीकाठचीच होती. तिने दाराची चौकट घट्ट धरली. जेनिल्सन हळूच मागच्या दाराने सटकला.

"मला माहीत नव्हतं गं," ओझेनीरा म्हणाली. "देवाशपथ."

बाहेर कुणीतरी हसलं, कुणीतरी रवा मागितला.

"सगळ्यांनी खाल्लं?"

"हो. मीसुद्धा."

"त्यांना आत्ता सांगू नका. जेवू दे." मार्लूसियाने ताटली खाली ठेवली. "या पातेल्याला झाकण आहे?"

ओझेनीराला वाटलं, ती सगळं नदीत ओतणार. पण मार्लूसिया पातेलं पोटाशी धरून फळकुटावरून किनाऱ्यावर उतरली आणि पाण्याकडे न बघता चढ चढू लागली. ओझेनीराने फावडं उचललं आणि ती मागोमाग निघाली.

वर दफनभूमीत एदिवानचा नवा क्रूस उभा होता. खालची जमीन सपाट होती, कारण तिथे पुरायला काही मिळालंच नव्हतं.

मार्लूसियाने पातेलं खाली ठेवलं. ओझेनीराने मुठीतला तुकडा आत ठेवून झाकण लावलं. मार्लूसियाने डोक्याचा काळा रुमाल सोडला, झाकणावरून घट्ट बांधला, आणि फावड्यासाठी हात पुढे केला.