डबीभर जेली

"ताई, आहेस तशी ये. पोरीने डोक्याचं पार वाटोळं करून घेतलंय!" भावाचा फोन आला तेव्हा आत्याने पार्लरचं शटर नुकतंच वर केलं होतं. ते धाडकन खाली ओढून ती तरातरा निघाली. अकरा वाजता भाचीची मुलाखत होती, चष्म्यांच्या मोठ्या दुकानातल्या काउंटरवरच्या नोकरीसाठी. याआधी दोन ठिकाणी नकार मिळाला होता, आणि दुसऱ्या नकारानंतर पोरगी आठ दिवस खोलीबाहेर आली नव्हती.

बाथरूममध्ये पाहते तर काय! भाची बादलीपुढे उकिडवी बसलेली, केस टाळूला चप्प चिकटलेले, तुपात बुडवून काढल्यासारखे. बाजूला पेट्रोलियम जेलीची रिकामी डबी.

"अख्खी डबी? अगं, अक्कल गहाण टाकलीस की काय?"

"तूच म्हणाली होतीस, जेलीने केस बसतात."

"मसुराच्या दाण्याएवढी म्हटलं होतं! तीही फक्त टोकांना!"

"तीनदा धुतले. जातच नाहीये."

"कशी जाईल? खनिज तेल आणि मेण आहे ते. पाण्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून तर रंग लावताना मी गिऱ्हाइकांच्या कपाळाला लावते, कातडीवर डाग पडू नये म्हणून. नुसतं पाणी ओतत बसलीस तर संध्याकाळ होईल. बंद कर तो नळ!"

भाऊ दाराशी चुळबुळत उभा होता. "तू काय बघतोयस? खोबरेल आण," आत्या खेकसली. तिने आधी जुन्या टॉवेलने केस पुसून काढले, मग ओंजळभर तेल चोळलं. तेलात जेली सैल होते. मग भांडी घासायचा पातळ साबण, तोही पाणी न घालता, तसाच. फेस धरल्यावर पाणी. एवढं दोनदा केलं. हात चालत होते आणि तोंडही, वीस वर्षांच्या धंद्यात असला मूर्खपणा पाहिला नाही, हे तिने चारदा तरी ऐकवलं असेल.

दहाला दहा कमी असताना केस मोकळे झाले आणि सुकता सुकता भराभर कुरळे होऊन वर आले.

"आता प्रेस करून सरळ कर," भाची म्हणाली.

"वेड लागलंय? मुळाशी जेली राहिलीच असणार. केसांची गरम इस्त्री लावली की वितळून डोकं भाजेल. कुरळेच असू देत. काय वाईट आहेत?"

भाची गर्रकन वळली. "वाईट नाहीत? मग घरटं कोण म्हणतं? पाहुण्यांसमोर, तुझ्या गिऱ्हाइकांसमोर, मी पाच वर्षांची होते तेव्हापासून?"

"अगं, ती थट्टा असते."

"हसायचे सगळे. मी पण हसायचे. आणि एवढे चांगले असतात तर तू रोज उठून अर्धा तास स्वतःचे कशाला सरळ करतेस? तुझे माझ्यासारखेच आहेत ना, आत्या?"

आत्याचा सकाळपासूनचा सगळा संताप उसळून आला होता, पण आता तो काढायचा कुणावर? तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. डबी पोरीने संपवली होती, पण या डोक्याची लाज तिला वाटायला लावली होती ती आपणच.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून भावानेही कधी ऐकले नव्हते.

"आत्ता म्हणून काय उपयोग? दहा वाजले."

भाचीने आरशासमोर जाऊन सगळे केस करकचून मागे ओढले, गाठ मारली आणि न वळता हात मागे केला. आत्याने पर्समधून पिना काढून एकेक तिच्या तळहातावर ठेवली.

"शेवटच्या दोन तू लाव," भाची म्हणाली. "घट्ट लाव. एकही कुरळा दिसता कामा नये."