तोंड बांधलेला डबा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, पण जन्माने डबा नव्हे. ओमानमधल्या बिदिया गावच्या शाळेत, जिन्याखाली, आग विझवायचं लाल नळकांडं म्हणून मी अकरा वर्षं खुंटीला लटकलो. आज आग लागेल, उद्या लागेल, या धास्तीत मला एक दिवस चैन पडली नाही. आग काही लागली नाही. मुदत संपली म्हणून मला भंगारात टाकलं आणि तिथून झुवैनाने मला उचललं.

झुवैना मस्कतहून मोटारदुरुस्ती शिकून आलेली. तिच्या भावाकडे, खलफानकडे, वडिलांच्या मागे राहिलेली एक जुनी जीप होती. आमच्याकडे हिवाळ्यात वाळूच्या उंच टेकडीवर गाड्या चढवायची चढाओढ असते. वडील ती टेकडी हसत चढायचे. खलफान मात्र तीन वर्षं अर्ध्यावरच निळ्या धुरात गडप व्हायचा. "खलफान आला रे, खोकून घ्या!" असं लोक ओरडायचे. शेवटी आईने निक्षून सांगितलं, "यंदा धूर निघाला तर जीप मामाच्या खजुरांच्या बागेत जाईल. खत वाहू दे तिला. तुझ्या बापाच्या गाडीचं हसं मला बघवत नाही."

झुवैनाने रोग ओळखला. "दादा, तुझं इंजिन स्वतःचंच तेल पितंय," ती म्हणाली. इंजिनाच्या पोटात दाब साठतो. तो एका नळीतून बाहेर पडतो आणि येताना तेलाची वाफ घेऊन येतो. जीपमध्ये ही नळी इंजिनाच्या हवा आत घेण्याच्या वाटेलाच जोडलेली होती, त्यामुळे उभ्या चढावर तेल पुन्हा आत जाऊन जळायचं. झुवैनाने नळी तिथून सोडवली, तिथलं भोक बुचाने बंद केलं आणि नळी माझ्या खांद्याला जोडली. नळीला कुठे झोळ पडू दिला नाही, कारण झोळात तेल साचलं की वाट अडते. माझ्या पोटात तिने तारेच्या घासण्या कोंबल्या, म्हणजे वाफेतलं तेल त्यांना चिकटून खाली ठिबकावं. तळाला ते काढायची तोटी आणि डोक्यावर हवा सुटायला जाळीची टोपी.

"माझ्या घासण्या कुठे गेल्या?" आईने विचारलं.

"जीपच्या कामी आल्या," खलफान म्हणाला.

"मग आजची भांडीही जीपच घासेल, नाही का?"

जीप सुरू केली, गावाबाहेर पिटाळली, धुराचा पत्ता नाही! मला आनंद झाला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. माझं सगळं काम त्या उघड्या टोपीवर अवलंबून होतं.

चढाईच्या दिवशी वारा सुटला. वाळू अशी उडत होती की सगळ्यांनी तोंडं गुंडाळून घेतली. बहीणभाऊ नाव नोंदवायला गेले आणि जीपपाशी मुतलक राहिला. मुतलक म्हणजे त्यांचा मावसभाऊ, खलफानचा लहानपणापासूनचा सवंगडी. त्याने बॉनेट उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अरे बाबा, तुझं तोंड उघडंच! वाळू जाईल की आत."

आमच्याकडे वारा सुटला की माणूस ज्याच्यावर जीव आहे ते आधी झाकतो, मग लेकरू असो की पाण्याचा घडा. मुतलकने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि माझ्या टोपीवर घट्ट गुंडाळून तीन गाठी मारल्या. मला ओरडायचं होतं, पण डब्याला जीभ कुठली?

जीप टेकडीवर झेपावली. अर्धी चढण मागे पडली, लोक उभे राहिले, आणि इकडे माझा जीव गुदमरू लागला. दाबाला बाहेर पडायला वाट उरली नाही. वरचा कडा हातभर राहिला असताना इंजिनातली तेल मोजायची सळई उडाली, तेल धूर सोडणाऱ्या तापलेल्या नळीवर सांडलं आणि भडका उडाला. अकरा वर्षं जिच्या धास्तीत काढली ती आग अशी आली, आणि तिला निमित्त मीच झालो. खलफानने उडी मारली. लोकांनी ओंजळींनी वाळू फेकून आग विझवली. सगळ्यांच्या आधी मुतलक धावला होता. अर्धवट जळलेलं मुंडासं पाहून तो पांढराफटक पडला. ते ओढून त्याने झग्यात लपवलं.

"या डब्यानेच घात केला!" खलफानने मला उपटून अंगणात भिरकावलं. झुवैना तीन दिवस त्याच त्याच नळ्या तपासत राहिली आणि मी तिथेच पडून तळमळत राहिलो. शुक्रवारी मामा जीप न्यायला येणार होता.

गुरुवारी मुतलक आला, बोडक्या डोक्याने. आईने अंगणात कॉफी ओतली. त्याने पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. पाहुण्याने पेला असा ठेवला की त्याचं काही मागणं आहे, आणि ते मान्य होईपर्यंत तो घोट घेणार नाही, हे आमच्यात सगळे जाणतात.

"बोल, काय हवंय?" आई म्हणाली.

"मावशी, जीप देऊ नका." त्याने जळकं मुंडासं पुढे ठेवलं. "वाळू जाऊ नये म्हणून मीच डब्याचं तोंड बांधलं होतं."

"गाढवा!" झुवैना कडाडली. "श्वास सोडायची जागा होती ती! तुझं नाकतोंड दाबून तुला टेकडीवर पळवू का?"

"आणि तीन दिवस गप्प बसलास?" खलफानने विचारलं.

"लाज वाटली रे. वर तू होतास. तुला काही झालं असतं तर..."

आईने मुंडासं हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग पेल्यातली कॉफी मातीत ओतून नवी भरली. "गार झाली होती. ही पी. जीप कुठे जात नाही."

मित्रांनो, त्या मुतलकवर मी कधी रागावलो नाही. पण एवढंच मागतो, कुणाची काळजी घ्याल तेव्हा आपल्याला काय हवं असतं ते त्याच्यावर गुंडाळू नका. त्याला काय हवंय ते आधी पाहा.

झुवैनाने मला पुन्हा जागेवर जोडलं आणि पुढच्या हिवाळ्यात जीप टेकडीच्या माथ्यावर पोचली. लोकांनी खलफानला खांद्यावर घेतलं, इंजिनाची तारीफ केली. माझं नाव कुणी काढलं नाही. मुतलकने तेवढं बॉनेट उघडलं आणि माझ्या टोपीवर, जरा अंतर ठेवून, तळहात धरला. सुटणाऱ्या हवेची ऊब हाताला लागल्यावर त्याने स्वतःच्या तोंडावरचं मुंडासं खाली ओढलं आणि माझ्याबरोबर एक मोठा श्वास सोडला.