वाघाची दाढ

आमच्या लाडक्या बँडचा गायक म्हणजे वाघ. हे नाव त्याला चाहत्यांनीच दिलं होतं, डरकाळीवरून. त्या रविवारी दुपारी हा वाघ माझ्या दवाखान्याच्या मागच्या दारानं आत आला, तेव्हा त्याचा उजवा गाल फुग्यासारखा फुगला होता आणि तो मुळूमुळू रडत होता.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना मैदानाच्या पाठीला. त्याच मैदानावर संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता आणि पहिल्या रांगेची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. एक माझं, एक ताईचं.

ताईचं तिकीट ही साधी गोष्ट नव्हती. आम्ही शाळेत असताना हाच बँड आमच्या गावात आला होता. ताईनं बाबांच्या हातापाया पडून परवानगी मिळवली, आणि नेमकं त्याच दिवशी मला गालगुंड झालं. आई मामाकडे गेलेली. ताई माझा गाल शेकत घरी बसली. त्याबद्दल ती पुढे कधी एका शब्दानं बोलली नाही, हेच वाईट. बोलली असती तर भांडून मोकळी झाले असते. म्हणून या वेळी मी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. केस पिकलेली माझी बहीण तेव्हाचा काळा टी-शर्ट पोटावर ओढत बाहेरच्या खोलीत बसली होती आणि कानात इअरफोन घालून वाघाची गाणी घोकत होती. मोठ्यानं.

"मॅडम, आजचा दिवस फक्त निभावून न्या," वाघाचा मॅनेजर म्हणाला. "एखादी जबरदस्त गोळी द्या. दाढेचं उद्या बघू."

मी दिवा ओढला आणि वाघाला 'आ' करायला सांगितलं. धड बोटभर तोंड उघडेना. जेवढं उघडलं त्यातून जो वास आला, त्यानं माझी तरुणपणची निम्मी स्वप्नं जागच्या जागी वारली. अक्कलदाढ पार सडली होती. पू जबड्याखाली उतरायला लागला होता. तो गळ्यापर्यंत पोचला की श्वास कोंडतो आणि माणूस हातचा जातो.

खरं सांगते, गोळी माझ्याही मनात आली. एकच तर संध्याकाळ. ताईला कार्यक्रम ऐकायला मिळेल, पुढचं पुढे. मग मी मनातल्या मनात स्वतःलाच एक शिवी हासडली.

"दाढ आत्ता काढायची," मी म्हणाले. "आणि इथून सरळ हॉस्पिटल. आज गाणंबिणं काही नाही."

"अहो, सगळी तिकिटं खपलीत!"

"माहीत आहे. दोन माझ्याकडेच आहेत."

सुई बघून वाघाची शेळी झाली. तेवढ्यात बाहेर ताईनं वरचा सूर लावला. वाघानं माझं मनगट घट्ट धरलं.

"कोण रडतंय बाहेर?"

"रडत नाही, गातेय. तुमचंच गाणं आहे."

तो कान देऊन ऐकायला लागला. ताईनं पहिल्या कडव्याचे शब्द दुसऱ्यात घातले होते आणि चाल वाऱ्यावर सोडली होती. "हे माझं?" त्यानं घाबरून विचारलं. मी तीच संधी साधून सुई टोचली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दाढ निघाली, पू निघाला. तोंडात बोळा कोंबलेल्या वाघानं अंगठा वर केला, मॅनेजरनं खुर्चीतच त्याचा फोटो काढला, आणि दोघं मागच्या दारानं गेले.

मी बाहेर आले तर ताई फोनकडे बघत बसली होती. "रद्द," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मग तिला राग आला. "कोण हा मेला कसाई, आजच दाढ उपटणारा? त्याचेच दात त्याच्या घशात घालायला हवेत! एका संध्याकाळनं काय मरणार होता तो?"

पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा आमचा नेम. भित्र्या माणसाला तो फार सोयीचा पडतो.

बातमीसोबत मॅनेजरनं खुर्चीतला तो फोटो टाकला होता, ताईनं तो मोठा केला. वाघाच्या डोक्यामागे भिंत होती. भिंतीवर मुकुट घातलेली, हातात ब्रश धरलेली हसरी दाढ. दवाखाना उघडला तेव्हा ताईनंच ते चित्र काढून दिलं होतं. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"तू?"

"हो. पू गळ्यात उतरत होता, ताई. खरंच गेला असता."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. "तेव्हा तुझा गाल, आता याचा. माझ्या नशिबात मेले सुजलेले गालच लिहिलेत."

"तेव्हा चिडली होतीस माझ्यावर?"

"चिडले होते? उशीत तोंड खुपसून शिव्या घातल्या तुला. येत होत्या तेवढ्या संपल्या, मग पुन्हा पहिल्यापासून."

मला इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. ताईचं लक्ष मात्र ट्रेमधल्या दाढेकडे गेलं होतं.

"ही त्याची? शी! दात घासतो की नाही हा माणूस?" मग ती एकदम थांबली. "ए, म्हणजे तो आत होता तेव्हा मी बाहेर गात होते?"

"हो."

"ऐकलं त्यानं?"

"शब्दन् शब्द."

ताईनं टी-शर्ट पोटावर नीट ओढला. "मग? काय म्हणाला?"

"बोलवेना गं त्याला," मी म्हणाले. "डोळ्यांतून नुसतं घळाघळा पाणी. आईशप्पथ."