फुकटचं वजन

हो, मीच बोलतेय, डिकीतली स्टेपनी. दचकू नका. रस्त्यावरच्या चार चाकांचं कौतुक सगळे करतात. पाचव्या चाकाला कोण विचारतंय? पण आज माझं डोकं फिरलंय आणि ऐकून घेतल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

कारखान्यातून आम्ही पाचही चाकं सारखीच निघालो. चौघांना गाडीखाली जागा मिळाली, मला डिकीच्या तळाशी गालिच्याखाली झोपवलं. माझी तक्रार नव्हती हो. वेळेला उपयोगी पडायचं, हेच माझं काम, आणि दोनदा मी पडलेही. गाडी म्हणाल तर पांढरी सेडान, पेट्रोलवरची, टर्बो इंजिनाची, अंगात रग असलेली. मालकाने ती रग बघून घेतली. वापरली मात्र मालकीणबाईंनी. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या आपल्या वडिलांना, आबांना, डायलिसिसला न्यायच्या. आबांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. चार वर्षं त्यांचं नाव यादीत होतं. कुणा गेलेल्या माणसाची किडनी जुळली की हॉस्पिटलचा फोन येणार, म्हणून घरात कुणी फोन बंद करून झोपत नसे.

आणि त्याच घरात हा पोरखेळ सुरू झाला.

मालकीणबाईंच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे मालकाच्या साडूने, निळी सेडान घेतली. तीही पेट्रोलवरचीच, इंजिन आमच्यापेक्षा मोठं, गिअर हाताने टाकायचे. जेवायला आला की एकच विषय. "काय साडूभाऊ, शून्य ते शंभर किती सेकंदांत?" शेवटी एका रविवारी सकाळी दोघे नव्या, अजून सुरू न झालेल्या रस्त्यावर गेले आणि मोबाइलवर वेळ लावून पळाले. निळी सुटताना जागच्या जागी चाकं फिरवायची, धूर काढायची, पण एकदा पकड मिळाली की सुसाट. आमची शांतपणे सुटायची, क्षणभर दम घ्यायची, मग टर्बो जागा झाला की पाठीत ढकलायची. निळीला लागले आठ पूर्णांक सहा सेकंद, आम्हाला आठ पूर्णांक आठ. दोन दशांश! एवढ्या वेळात धड शिंकही येत नाही.

मालकाला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. शनिवारी त्याने डिकी उघडली. छत्री काढली, आबांची चाकांची खुर्ची काढली, जॅक काढला आणि मग माझा नट फिरवला. "अठरा किलो," तो स्वतःशीच म्हणाला, "फुकटचं वजन." फुकटचं? मेल्या, तुझं पोट किती किलोचं आहे रे? ते नाही सुचलं काढून ठेवायला!

रविवारी तो शीळ घालत परतला. आठ पूर्णांक पाच. जिंकला! खुर्ची परत डिकीत गेली, कारण ती सोमवारी लागणार होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या टाकतो." सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी तशीच.

गुरुवारी सकाळी नऊला फोन आला. किडनी मिळाली होती. अकराच्या आत या, दुसऱ्या एका पेशंटलाही बोलावून ठेवलंय, तुम्ही पोचला नाहीत तर त्याला लावू, असा स्पष्ट निरोप. मालकीणबाई किल्ली घेऊन गाडीकडे धावल्या. आबा मात्र जुने बसड्रायव्हर, तेहतीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेली. गाडीत बसता बसता त्यांनी विचारलंच, "जावईबापू, स्टेपनी बघितलीत ना?"

"सगळं आहे आबा, तुम्ही बसा आधी. फाइल आणि कपडे घेऊन मी मागून येतोच." मोबाइलमधून मानसुद्धा वर काढली नाही त्याने. मी तिथून सहा हातांवर होते.

पावणेदहाला तो फोन कानाला लावून गॅरेजमध्ये धावत आला. रिंगरोडवर मागचं चाक फुटलं होतं. मालकीणबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, डिकीत स्टेपनी नाहीये! कुठंय स्टेपनी?"

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. "टॅक्सी बघ ना, टॅक्सी!"

"दोनदा रद्द झाली! इथे कुणी गाडी थांबवत नाहीये. आबांना दम लागलाय, काहीतरी करा हो!"

मग त्याने साडूला बोलावलं, तो यायला अर्धा तास गेला. मला उचलून निळीच्या डिकीत फेकलं, तर काय सांगू, तिथली स्टेपनीही गायब! यानेही वजन कमी केलेलं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मग बघायची होती यांची शर्यत! शंभर सोडा, वीसचाही वेग मिळेना. सिग्नलमागून सिग्नल, ऑफिसला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि सायकलवाले खुशाल पुढे निघून जात होते. रिंगरोडवर आबांना आणि मालकीणबाईंना निळीत घेतलं. चाक बदलायला वेळच उरला नव्हता, म्हणून मी डिकीतच राहिले. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अकरा पस्तीस झाले होते.

तासाभराने दोघे साडू डिकीपाशी येऊन उभे राहिले.

"अकरा दहाला त्या दुसऱ्याला आत घेतलं," मालक म्हणाला. "पंचवीस मिनिटांनी गेलं रे."

"ट्रॅफिक नसतं ना, तर माझ्या गाडीने..." लाज नाही, शरम नाही!

"गप बस. आबांना काय सांगायचं ते बोल."

"सांगू की रक्त जुळलं नाही म्हणून."

आणि खरंच, परतताना मालकाने तेच सांगितलं. "आबा, वेळेवर पोचलो असतो तरी उपयोग नव्हता. रक्तच जुळलं नाही." मालकीणबाईंना काउंटरवर खरं कळलेलं होतं, पण त्या गप्प राहिल्या. बापाच्या जिवाला आणखी घोर नको, असं वाटलं असेल. मला त्यांचाही राग आला.

"अहो, मग गाडीला कशाला बोल लावायचा?" आबा म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. तुम्ही दोघांनी जिवाचं रान केलंत."

त्याच संध्याकाळी पांढरीला नवं चाक घालून घरी आणलं आणि मला तिच्या डिकीत परत बसवलं, नट चांगला आवळून. आता वारंवार माझी हवा तपासतात. चाटू का ती हवा? आबांचा आवाज खोल गेलाय. डायलिसिसच्या दारात भेटेल त्याला सांगतात, जावई मिळावेत तर असे. आपलंच नशीब फुटकं, त्याला कोण काय करणार? मालक शेजारी उभा राहून ऐकतो आणि एक अक्षर बोलत नाही. अरे, तुम्हाला देवाने तोंड दिलंय ना? मला असतं तर मी त्या डिकीतून, गालिच्याखालून, घसा फाटेस्तोवर ओरडले असते. आबा, नशिबाला शिव्या देऊ नका. पहिला फोन तुम्हाला आला होता, तो जुळलं म्हणूनच आला होता. रक्त जुळलं होतं, आबा.