शिकारीच्या आठवड्यात न दुखलेलं डोकं

जंगलातून घरी आला की टूरवाल्ड एकब्लाड आधी खिडक्यांचे पडदे ओढायचा. डोकं असं ठणकायचं, की उकडलेल्या बटाट्यांचा वासही नकोसा व्हायचा. बायको मायलिस कपाळावर ओलं फडकं ठेवायची, आणि मनातलं दोघंही बोलायची नाहीत. टूरवाल्डचे वडीलही असेच डोकं धरून बसायचे. मेंदूत गाठ निघाली आणि वर्षभरात ते गेले.

शेवटी मायलिसने त्याला बळेच तपासणीला नेलं. निकाल पत्राने येणार होता. तेवढ्यात एल्क हरणांच्या शिकारीचा आठवडा आला. स्वीडनमधल्या आमच्या स्मोलंडात त्या आठवड्यात घरी बसतो तो एकतर पाहुणा, नाहीतर मेलेला! टूरवाल्डही गेला.

शनिवारी मांसाचे वाटे पडत होते. गुनवोरबाईंनी त्याला गाठलं. वय बहात्तर; वनशाळेत अर्ध्या गावाला करवत धरायला यांनीच शिकवलेलं.

"डोकं काय म्हणतंय रे?"

"बरंय, बाई." मग आठवून म्हणाला, "खरं तर, सोमवारपासून दुखलंच नाही."

"आठवडाभर याच जंगलात उभा होतास ना? मग मागच्या आठवड्यात वेगळं काय केलंस?"

"कोवळी झाडं विरळ करत होतो. करवतीच्या यंत्राने, दिवसभर."

"पेट्रोल कुठलं?"

"पंपावरचं. घरीच तेल मिसळतो, बाबांसारखं."

"डब्यातलं शुद्ध पेट्रोल मिळतं, अल्किलेट, ते का नाही घेत?"

"ते परीटघडीच्या लोकांचं, बाई! घरामागे हातभर हिरवळ असते ना, त्यांचं. खऱ्या जंगलवाल्याला थोडा धूर लागतोच."

"धूर हवाय? मग धुरांड्यात जाऊन बस की! अरे, मोटारीचा धूर मागे राहतो. तुझं इंजिन कमरेला, आणि तू दाट झाडीत, जिथे वाराही हलत नाही. पंपाच्या पेट्रोलात बेन्झीन असतं, कॅन्सर करणारं. डब्यातल्यात ते जवळजवळ नसतंच. बेन्झीन काय तुझा खरेपणा बघून सोडून देणार आहे?"

टूरवाल्डने मान खाली घातली. घरी जाताना त्याने डब्यातलं पेट्रोल घेतलं.

सोमवारी बाईंनी आधी यंत्राची जुनी, कडक झालेली पेट्रोलची नळी गळू नये म्हणून बदलायला लावली, मगच नवं पेट्रोल भरू दिलं. तासातासाला त्याला कॉफीसाठी बाहेर मोकळ्यावरही काढलं. "चांगल्या पेट्रोलचा झाला तरी धूर तो धूरच!" म्हणाल्या.

संध्याकाळी तो घरी आला. पडदे तसेच राहिले. दारातूनच म्हणाला, "मायलिस, बटाट्यांत शेपू घातलास ना? काय वास सुटलाय!"

मायलिस चुलीपाशी उभी राहून रडायलाच लागली. मग तिने एप्रनच्या खिशातलं पत्र काढलं. दुपारीच आलं होतं, पण एकटीने फोडायचा धीर झाला नव्हता. दोघांनी मिळून फोडलं.

गाठ नव्हती! काहीच नव्हतं!

सुटलो, असं तो तीनदा म्हणाला आणि दोन ताटं बटाटे जेवला. दुसऱ्या दिवशी वडिलांचा पोचे पडलेला मिसळणीचा डबा त्याने घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिला. ठेवताना पुटपुटला, "बाबा, तुमची गाठ कशाने झाली, देव जाणे. पण धुराचं तुम्हालाही कुणीतरी विचारायला हवं होतं."

मंडळी, दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरकडे जाच. पण कुठल्या दिवशी दुखत नाही, तेही आठवून बघा. वाडवडिलांचं जंगल घ्यावं, करवत घ्यावी; त्यांचा धूर मात्र त्यांच्याबरोबर जाऊ द्यावा.