समासातल्या अठरा कला

समासात: खोटं.

समासात: हे शेंबडं पोरही गुणाकार करून सांगेल.

ड्रेक्सेल या प्रतिस्पर्धी खगोलज्ञाचं नवं पुस्तक वाचताना योब्स्टचा टाक असा मजेत चालला होता. एकेचाळिसाव्या पानावर अडला. मंगळाच्या कोष्टकातली अठरा कलांची, म्हणजे अंशाच्या अठरा साठांशांची, दुरुस्ती योब्स्टची नव्हेच, असं तिथे छापलं होतं. ती त्याचे गुरू होर्नुंग यांच्या प्रतीच्या समासातून उचललेली.

‘खोटं’ लिहायला त्याने टाक टेकवला. शाईचा डाग पडला. हात पुढे सरेना.

योब्स्टची स्वतःची नवी कोष्टकं छापखान्यात होती. प्रस्तावनेत ती दुरुस्ती ‘माझी’ म्हणून मिरवत होती.

त्याने जुन्या कोष्टकांची आपली प्रत काढली. विटेनबर्गमधल्या साऱ्या विद्यार्थ्यांसारख्या त्यानेही गुरूंच्या टिपा आपल्या प्रतीत उतरवल्या होत्या, मग स्वतःच्या घातल्या. शाई एक, अक्षर एक. अठरा कला तिथे होत्या. गच्चीवर कुडकुडत मंगळ मोजल्याचं त्याला आठवत होतं. पण आकडा शोधायला मोजला, की गुरूंचा आकडा पडताळायला?

होर्नुंग वारले त्याला बारा वर्षं झाली होती. तो त्यांच्या विधवेकडे, उर्सुलाबाईंकडे गेला आणि होर्नुंगांची मंगळाच्या कोष्टकांची प्रत मागितली.

“आज बरी वाट सापडली,” त्या म्हणाल्या. “चुकलंय कोण, मंगळ की तू?”

तेच ठरवायला आलोय, असं तो पुटपुटला. पुस्तक कोरं करकरीत दिसत होतं. कडा उंदरांनी कुरतडल्या म्हणून बाईंनी ते नव्याने बांधून घेतलं होतं, आणि बांधणाऱ्याने पानं चारी बाजूंनी सारखी कापून दिली होती.

समासात: मंगळ इथे चुकतो. कला १

पुढे कापलेली कड. दहा? अठरा? की नुसती एक?

“सापडलं?”

“अर्धं.”

“मग उरलेलं तू लिही. तुझं अक्षर तरी कुठे वेगळंय? त्यांचंच गिरवून तर शिकलास.”

तिथून तो थेट छापखान्यात गेला. खिळे जुळवणाऱ्याला म्हणाला, प्रस्तावनेतलं ‘माझी’ काढ.

“आणि घालू काय? ‘गुरूंची’?”

योब्स्टने त्या शब्दावर बोट ठेवलं.

“जागा तशीच मोकळी ठेव.”

“लोक म्हणतील, खिळा पडला.”

“म्हणू देत.”

छापून आलं ते असं:

मंगळाच्या स्थानात अठरा कलांची ही　　　　　दुरुस्ती वाचकांनी स्वतः मोजून पाहावी.