पाण्यात वर आलेली पुतळी

सकाळच्या धारा आटोपून भामा दुधाची किटली घेऊन आमच्या काचीगुड्यातल्या घराच्या ओट्यावर आली, ती दूध न मापताच खाली बसली. पदराची गाठ सोडून तिनं माळेत ओवायची, नाण्यासारखी एक पुतळी माझ्यापुढं ठेवली.

"गुरुजी, ही पुन्यांदा बगा. गौलीगुड्यातला सोनार हसला मला. म्हन्ला, अक्का, म्हशीच्या गळ्यात बांध."

पुतळी माझ्या ओळखीची होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या भावानं, हिम्मतरावानं, चार माणसांदेखत ती तिच्या हातावर ठेवली होती. त्यांचं शेत शहराबाहेर, मुंबई रस्त्याला लागून. परदेशी कंपन्या येणार म्हणून तिकडं खांब रोवले जाऊ लागले आणि जमिनीचा भाव चढला, तेव्हा त्याला बहिणीची आठवण झाली. आईची पुतळी तुला, शेत मला, असं ठरलं. भामानं हक्कसोडीच्या कागदावर अंगठा दिला. साक्षीदार मी.

त्या दिवशी मी पुतळी उन्हात धरून सगळ्यांना धडाच दिला होता. हे राम-सीता नव्हेत, युरोपातल्या व्हेनिस शहराचं हे नाणं. हा उभा संत, आणि त्याच्यापुढं गुडघे टेकून निशाण धरलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्या बायकांनी त्यांनाच देव मानून माळेत ओवलं. लोक माना डोलवत होते. शिकवायला मिळालं की मला भान राहत नाही. अक्षरं झिजलेली, वर हळदीचा थर. धातू कोणता, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

भामाबरोबर आलेली तिची मुलगी त्रिवेणी माझ्याकडं गणितं शिकायची. तिला मी बांबूची काडी, दोरा आणि पाण्याची परात आणायला सांगितली. माझ्या पत्नीकडं, सगळ्यांच्या इंदुताईंकडं, त्यांची खरी सोन्याची पुतळी मागितली.

"कोरडी करून परत द्या," आमच्या इंदुताई म्हणाल्या. "माझ्या आईनं मला दिलीय, तुमच्या शाळेला नाही."

काडीच्या दोन टोकांना दोन पुतळ्या बांधल्या. काडी उचलायला मध्ये बांधलेला दोरा सरकवत त्रिवेणीनं ती आडवी केली.

"आता दोन्ही एकदम बुडव," मी म्हणालो. "सोनं थोड्या जागेत फार जड असतं. पाणी त्याला कमी उचलतं. हलक्या धातूला जास्त."

इंदुताईंची बाजू खाली गेली. भामाची वर आली.

"माजी वर आली. म्हंजी जितली का?" भामानं विचारलं.

"न्हाई आई," त्रिवेणी हळूच म्हणाली. "पितळ हाय."

परातीतलं पाणी पिवळं होऊ लागलं होतं. पिढ्यांची म्हणून मी मानलेली हळद पाच मिनिटांत सुटली. भामानं पुतळी बाहेर काढून कडीजवळ अंगठा फिरवला.

"आईच्या पुतळीला हितं दाताची खूण व्हती. सा वर्साची असताना मीच चावलेली. त्या दिशी हाताला लागली न्हाई. म्या म्हन्लं, हळदीनं बुजली आसंल."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमी व्हते ना तितं."

भामा पुतळी पदरात बांधत म्हणाली, "त्या दिशीची चार मानसं ऐतवारी भाऊच्या दारात बोलवा. साक्षीदार तुमी, तुमच्या शब्दाला येतील."

"मी सगळं समजावून सांगतो त्यांना."

"नक्को गुरुजी. तुमी निस्तं बसा. पोरगी सांगंल."

त्रिवेणी काडीला दोरा गुंडाळत होती. काडीवर दोऱ्याची मधली जागा तिनं कोळशानं खूण करून ठेवली.

भामानं रोजच्यासारखं दूध मापून आमच्या पातेल्यात ओतलं. मापानंतर रोज घालायची ती वरची धार मात्र आज घातली नाही.